सहावा कॉलम

गुर्रम म्हणजे घोडा, आमच्या तेलुगूत.
एवढंच आमचं घोड्याशी नातं.
साखर पेठेतले टांगे मी जन्मायच्या आधीच संपलेले,
आणि वरातीत नाचवतात तो घोडाच नव्हे,
असं नानांचं मत.

नाना, राजेशम गुर्रम, जेकार्डचे जॉबर.
चादरीवरच्या मोराची मान तुटली
की कार्डातलं चुकलेलं भोक
बोटानं चाचपून काढणारे.
रात्रपाळी करून यायचे, तोंडावर पाणी मारायचे
आणि लाल पुठ्ठ्याची वही उघडायचे.
पुणं, मुंबई, हैदराबाद, बंगलोर, म्हैसूर.
सहाव्या कॉलमच्या डोक्यावर सोलापूर,
खाली काही नाही.
"इथं कुठं रेसकोर्स आहे, नाना?"
"रेघ मारली गेली. आता पुसायची कशाला."

पेपरातले आकडे मी वाचायचे, ते लिहायचे.
पाच रेसमधले पाच पहिले ओळीनं सांगायचे, तो जॅकपॉट.
तीनच सांगितले तर ट्रेबल.
"आता बघ," म्हणायचे, "पुण्यात पाची जण आले.
दोन पॉइंट चार, तीन पॉइंट एक,
एक पॉइंट आठ, पाच आणि चार.
दहा रुपये एकावर लावून
आलेला पैसा तसाच पुढच्यावर ढकलत गेलीस,
तर शेवटी किती?"
मी भिंतीवर खडूनं गुणायचे. दोन हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर.
"आणि जॅकपॉटनं दिले एकोणीसशे चाळीस.
सातशे अडतीस पुण्यानं खाल्ले."
मग हैदराबादचं पान. तिथं आकडा फुगलेला,
कारण चौथ्या रेसला असा एक घोडा आला
ज्याच्यावर त्याच्या मालकाचाही जीव नव्हता.
म्हैसूरला पाची लाडके आले, वाटणी झाली तीनशे दहा.
"सगळ्यांना ठाऊक असलेलं
खरं निघालं तरी स्वस्तच जातं, पापा."

अम्मा उंबऱ्याशी सुपात तेंदूपत्ता घेऊन.
तिचा भाव कुठल्याच मैदानावर बदलत नव्हता:
हजार विड्यांचे इतके, त्यातून छाट वजा.
तिनं एकदाच विचारलं,
"ह्यात आपले किती?"
नानांनी पान उलटलं.

आपले दहा.
कधीतरी हैदराबाद गाडीच्या कंडक्टरकडे दिलेले.
चार घोडे आले.
पाचव्या रेसला मॉर्निंग बेल
फाटकातून निघालीच उशिरा.
चार बरोबर आल्याचं बक्षीस शहाऐंशी रुपये,
त्यातले सहा कंडक्टरच्या चहाचे.

दिवाळीआधीची उकाड्याची रात्र.
मुळेगावच्या पुढून लग्न उरकून येत होतो,
लुनावर मी मागे, मांडीवर लाडवांचा डबा.
रस्त्याकडेला उंच बंदिस्त ट्रक, जॅकवर चढवलेला.
पुण्याहून हैदराबादला चाललेला.
फळी खाली टाकलेली, आत पिवळा बल्ब,
आणि बल्बखाली तपकिरी, ओली, थरथरती पाठ.

नानांनी लुना बंद केली. बंद केल्यावरही
हँडल धरून उभे राहिले.
मोतद्दार म्हणाला, टाकी गळाली, पाणी आहे का जवळपास?
नाना विडीकामगारांच्या वस्तीत गेले,
कुणाचं तरी दार वाजवलं,
दोन बादल्या घेऊन आले. धोतर नव्हतं म्हणून
लग्नातली पँट भिजली.
घोडी प्यायली. बादलीत तोंड घालून
असा आवाज करत, जसं कुणी लांबून
कपडे आपटतंय.
"नाव काय हिचं?"
मोतद्दारानं सांगितलं.

मी नानांकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील.
शहाऐंशी रुपये, फाटक, उशीर, काहीतरी.
ते तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्याशी
बोट नेऊन थांबले,
धागा तुटला का बघतात तसं,
आणि मला म्हणाले, "एक लाडू दे गं."

रात्री दोनला वही उघडली.
मी झोपल्याचं सोंग घेतलेलं.
सकाळी पाहिलं तर सहाव्या कॉलमात
तारीख, आणि पुढं: पाणी, बादल्या दोन.
अम्मा विचारत होती,
डब्यात एकवीस होते, वीस कसे?